चौकोनी भोक पाडणारं मशीन घ्यावं का?

वाचकाचं पत्र: "मी कुडाळ तालुक्यात सुतारकाम करतो. वय 49. वर्षाला तीसेक चौकटी, वीसेक पॅनेलची दारं आणि थोड्या खिडक्या होतात, बाकी प्लायवूडचं काम. लाकूड मुख्यतः साग, फणस आणि किंजळ. गोल करवतीचं टेबल आहे. रंधून आणायला लाकूड वखारीत पाठवतो, तिथे तीन-चार दिवस जातात. कुसवाची भोकं, म्हणजे पट्टीच्या टोकाची जीभ ज्यात बसते ती, मी अजून ड्रिल मारून पटाशीनेच पाडतो. मुलाने आयटीआय केलंय. त्याचा हट्ट आहे की मॉर्टायझर घ्यायचा. 2 एचपीचं, थ्री फेजचं मशीन 58 हजारांना सांगितलंय. मला वाटतं एवढ्या पैशात फक्त भोक पाडणारं मशीन म्हणजे उधळपट्टी. पण वर्षभर उजव्या हाताला रात्री मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. गेल्या मे महिन्यात दोन घरांची कामं सोडावी लागली. घरात रोज वाद होतो. काय करावं?"

मेस्त्री, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मशीनसाठी वाचलं आणि दुसऱ्यांदा त्या बधिर बोटांसाठी. बोटांचं शेवटी लिहितो, पण विसरलेलो नाही.

मी 31 वर्षं मुलांना सुतारकाम शिकवलं, आणि त्यातली बरीच वर्षं संध्याकाळी माझ्या स्वतःच्या शेडमध्ये दारं-खिडक्या केल्या. तुमच्या मुलाने ज्याचा हट्ट धरलाय तसलं मशीन माझ्याकडे होतं. ते चांगलं आहे की नाही या वादात पडू नका, चांगलंच आहे. चौकोनी पोकळ पटाशी, तिच्या पोटात फिरणारं बिट. बिट गोल भोक पाडत पुढे जातं आणि मागून पटाशी त्याचे चार कोपरे कापत येते. लिव्हर खाली ओढली की सागाच्या उभ्या पट्टीत काटकोनी भोक तयार. हाताने वीस मिनिटं घेणारं काम पाच मिनिटांत होताना पाहिलं की कुणाचंही मन जातं. माझंही गेलं होतं.

पण हे मशीन आयुष्यात एकच काम करतं. करवतीचं टेबल फळ्या चिरतं, पट्ट्या काढतं, कुसवं कापायलाही चालतं. राउटर खाच मारतो, कड गोल करतो, कुलपाची जागाही काढतो. मॉर्टायझर फक्त भोक पाडतो. लाटणी-भोवरे कातणाऱ्याकडे लेथ असते, तीही एकाच कामाची. पण ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरत असते, म्हणून परवडते. तेव्हा तुमच्या शेडमध्ये हे मशीन वर्षातून किती तास चालेल, ते आधी बघू.

तुमच्याच आकड्यांवरून मांडतो. उंबरठ्यासकट एका चौकटीला चार भोकं, म्हणजे तीस चौकटींची 120. पॅनेलच्या दाराला वरची, मधली आणि खालची अशा तीन आडव्या पट्ट्या. मधली आणि खालची रुंद असल्यामुळे तिथे कुसू जोडीने येतं. म्हणजे एका दाराची दहा भोकं आणि वीस दारांची 200. खिडक्यांची 80 धरली तर वर्षाची 400 भोकं झाली. एका भोकामागे पंधरा मिनिटं वाचली तर वर्षाला 100 तास वाचतील, म्हणजे आठ तासांचे साडेबारा दिवस. तुमच्याकडे मेस्त्रीची हजेरी 900 रुपये धरली तर सव्वाअकरा हजार होतात. त्यातून बिट-पटाशीची झीज आणि धार यांचे वर्षाला दीड हजार वजा करा. विजेचं म्हणाल तर ती किरकोळच आहे. उरतात पावणेदहा हजार. मशीन आणि दोन-तीन चांगल्या पटाश्या मिळून 64 हजारांच्या घरात जातील. ते फिटायला साडेसहा वर्षं लागतील.

म्हणजे नुसता मजुरीचा हिशेब धरला तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण हा हिशेब अपुरा आहे, आणि तुमच्या मुलाला ते जाणवत असावं.

तुमच्याकडे वर्षातले सगळे दिवस सारखे नसतात. जून ते सप्टेंबर बांधकामं थांबतात आणि हातात मखरं, देव्हारे, दुरुस्त्या एवढंच काम राहतं. पाऊस यायच्या आत घरात जायचं म्हणून मार्चपासून मेपर्यंत सगळे एकदम अंगावर येतात. त्या तीन महिन्यांतला एक दिवस ऑगस्टमधल्या चार दिवसांइतका मोलाचा. साडेबारा दिवसांपैकी आठ जरी मार्च ते मे या काळात वाचले आणि त्यात सोडलेल्या दोन घरांपैकी एक घेता आलं, तर साडेसहा वर्षांची अडीच-तीन वर्षं होऊ शकतात. एका घराच्या कामात तुम्हाला मजुरी सोडून काय सुटतं ते तुम्हालाच ठाऊक, तो आकडा त्यात घाला.

मात्र इथे मला एक शंका आहे. ती दोन घरं सुटली ती भोकांमुळे, की लाकूड वखारीत तीन-चार दिवस अडकतं म्हणून? पत्रात तुम्ही वखारीचा उल्लेख एका ओळीत करून पुढे गेलात. मी तिथेच थांबलो. समजा रंधलेलं लाकूड वेळेवर हातात येत नाही म्हणून तुम्ही दोघं बसून राहत असाल, तर भोकं कितीही झटपट पाडलीत तरी दार त्याच दिवशी तयार होईल ज्या दिवशी आज होतं. मग पैसे घालायचेच तर ते रंध्याच्या मशीनमध्ये घालायला हवेत. ते सागालाही लागतं, फणसालाही लागतं, आणि शेजारपाजारचं लाकूड रंधून देऊन चार पैसेही मिळतात.

भोकाची दुसरी बाजू म्हणजे कुसू. भोकं पाच मिनिटांत पडायला लागली की कुसवांचा ढीग मागे राहतो. शिवाय मशीनची पटाशी 12 मिलिमीटरची असली की भोक तेवढंच पडतं. हाताने काम करताना आपण भोकाला कुसू आणि कुसवाला भोक असं जुळवून घेतो. तिथे तसं चालत नाही, प्रत्येक कुसू त्या मापावरच उतरावं लागतं. तुमच्या करवतीच्या टेबलावर पट्टी उभी धरून कुसू कापायची पक्की जोडणी नसेल, तर आधी ती करून घ्या. तिला फारसा खर्च येत नाही, आणि मशीन नाही घेतलं तरी ती उपयोगी पडेल.

आता मशीन जवळून कसं वागतं ते सांगतो, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. मी मशीन आणलं त्याच आठवड्यात माझी पहिली पटाशी कोपऱ्यावर चिरली. सागात दुसरंच भोक होतं. चिं असा आवाज आला, धूर निघाला, जळक्या सागाचा वास आला. मी तरीही लिव्हर ओढत राहिलो. बाहेर काढली तर पटाशीचं टोक निळं पडलेलं, आणि खालच्या कोपऱ्यापासून वर बोटभर चीर. विकणाऱ्याने सगळं बसवून दिलं होतं, पण बिट पटाशीला घासेल इतकं वर चढवलेलं होतं. त्या दोघांत रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतकी फट हवी. ती ठेवायची रीतही नाण्याचीच आहे. पटाशीचा खांदा आणि होल्डर यांच्यामध्ये नाणं धरून पटाशी हलकी कसायची, बिट वर टेकेपर्यंत सारून चकमध्ये घट्ट आवळायचं, मग नाणं काढून पटाशी वर टेकवायची आणि कसायची. बिटाचं तोंड तेवढंच खाली राहतं, भुसा सुटतो, पटाशी तापत नाही. त्यानंतर पटाशीची बाजू मागच्या ठेप्याशी गुण्याने, म्हणजे काटकोन तपासायच्या हत्याराने, जुळवायची. ती केसभर जरी तिरकी बसली तरी भोकाची कड करवतीच्या दातांसारखी पायऱ्यापायऱ्यांची येते, आणि ती तासायला पुन्हा हातातली पटाशी घ्यावी लागते.

भोकाचा क्रमही शिकावा लागतो. दोन्ही टोकं आधी पाडायची, मग मधे थोडी थोडी जागा सोडून, शेवटी ते मधले खांब काढायचे. एकाला लागून एक असं पाडत गेलं तर पटाशी मोकळ्या बाजूला झुकते आणि पुढेमागे वाकते. पटाशीच्या अंगावरची भुसा बाहेर टाकायची खाच मोकळ्या बाजूला हवी. फणस चिवट आहे, त्याचा भुसा त्या खाचेत कोंबून बसतो, म्हणून दर इंचाला लिव्हर वर घ्या. हातमोजे घालून हे मशीन कधीच चालवू नका. फिरतं बिट मोजा ओढून घेतं आणि मोज्याबरोबर बोटही जातं. मुलाला हे आयटीआयमध्ये शिकवलं असेल, तरी पुन्हा सांगा.

एक कौतुकाची गोष्टही सांगायला हवी. हे मशीन राउटरसारखं कानठळ्या बसवत नाही आणि बारीक धूळही उडवत नाही, त्याचा भुसा जाडसर पडतो. घराला लागून शेड असेल तर शेजारच्या खोलीत पोर झोपलेलं असलं तरी चालवता येतं.

तुम्हाला सांगितलेल्या मशीनबद्दल बोलायचं तर थ्री फेज ऐकूनच मी थबकलो. तुमच्या शेडला सिंगल फेज असेल तर महावितरणचं नवं कनेक्शन, वायरिंग, वाढलेला स्थिर आकार हे सगळं त्या 58 हजारांवर चढेल. 12 मिलिमीटरच्या पटाशीला 1 एचपीची सिंगल फेज मोटर पुरते. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मात्र चालवू नका, मोटर तापते. पण दुसऱ्या टोकाला जाऊन टेबलावर ठेवायचं छोटं मशीनही घेऊ नका. चौकटीची बाही सात फूट लांब, पाच बाय तीन इंचाची. ती त्या छोट्या मशीनवर तोलताच येत नाही, आणि किंजळात 16 ची पटाशी घालायला गेलं तर सगळं डोकं मागे झुकतं. जमिनीवर उभं राहणारं, बिडाचं, टेबल दोन्ही दिशांना सरकणारं मशीन हवं. चौकटीचं कुसू पाऊण ते एक इंच जाड असतं, म्हणजे 12 ची पटाशी दोनदा शेजारी शेजारी उतरवावी लागते. टेबल आडवं सरकत नसेल तर प्रत्येक वेळी लाकूड सोडून पुन्हा आवळायचं. त्यात वाचलेला सगळा वेळ परत जातो.

पटाश्यांचा सहा नगांचा सेट गळ्यात मारतील. नको म्हणा. दाराची जाडी 35 मिलिमीटर असते, कुसू तिच्या एक तृतीयांश, म्हणजे 12. एक 12 ची आणि एक 16 ची, दोन्ही उत्तम पोलादाच्या, आणि आतून धार लावायचा शंकूसारखा दगड किंवा कटर. धार बाहेरून लावली तर पटाशी बारीक होत जाते आणि भोक मापात येत नाही.

जुनं मशीन मिळालं तर मला अधिक आवडेल. अनेक शहरांत फर्निचरचे कारखाने प्लायवूडकडे वळल्यावर अशी मशीनं कोपऱ्यात पडून असतात. बघायला जाताना फणसाचा आणि किंजळाचा एकेक तुकडा पिशवीत घेऊन जा. लिव्हर अर्ध्यावर धरून डोकं हाताने डावं-उजवं हलवून बघा. खळखळलं तर दांड्याचे दाते झिजलेत, सोडून द्या. रंग नवा असला तर उलट जास्त बारकाईने बघा.

कर्जाचं म्हणाल तर पीएम विश्वकर्मा योजना तुमच्यासाठीच आहे. 17 सप्टेंबर 2023 ला ती सुरू झाली, 18 कारागिरीच्या धंद्यांत सुतार आहेत. नोंदणी झाल्यावर थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, रोज 500 रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी 15 हजारांपर्यंतची मदत, आणि विनातारण एक लाखापर्यंतचं पहिलं कर्ज 5 टक्क्यांनी, 18 महिन्यांत फेडायचं. लक्षात ठेवा, एका कुटुंबात एकालाच लाभ मिळतो. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एक कुटुंब धरतात. तेव्हा नाव तुमचं घालायचं की मुलाचं, हे नोंदणीला जाण्यापूर्वी घरात ठरवा. पुढची वीस-पंचवीस वर्षं धंदा कोण करणार, त्यावरून ठरवा.

साठ हजार घेतलेत तर हप्ता साधारण साडेतीन हजारांचा बसेल. तो पावसाळ्यातही भरायचा असतो. मे महिन्यात कर्ज उचललंत तर 18 महिन्यांत दोन पावसाळे येतील. ऑक्टोबरमध्ये उचललंत तर एकच येईल, आणि सुरुवातीचे आठ महिने कमाईचे असतील. लाख मिळतात म्हणून लाख उचलू नका.

तुम्हाला "घ्या" किंवा "नको" असं एका शब्दात हवं असेल. तुमच्या जागी मी असतो तर आज घेतलं नसतं. पुढच्या दोन घरांचं काम आलं की एक वही घातली असती. लाकूड वखारीत किती दिवस, रंधा किती तास, भोकं किती तास, कुसवं किती तास, पॉलिश किती तास. वही मुलाला लिहायला दिली असती. मशीन त्याला हवंय ना, मग मोजणीही त्याने करावी. त्याच्या हातचे आकडे तो तुमच्यापेक्षा लवकर मानेल. त्यातल्या एका घराची सगळी भोकं जिथे असं मशीन आहे अशा वर्कशॉपमध्ये जॉबवर्कने पाडून घेतली असती, आणि मुलाला तिथे शेजारी उभं केलं असतं. भोकांचे तास खरंच शंभराच्या आसपास भरले आणि वखारीची अडचण त्याहून मोठी निघाली नाही, तर ऑक्टोबरमध्ये जुनं, सिंगल फेज, जमिनीवरचं मशीन घेतलं असतं.

मुलाशी वाद घालताना एवढं मात्र म्हणू नका की हाताचं काम ते हाताचं काम. तुम्ही स्वतःच ड्रिल मारून भोक मोकळं करता, तुमच्या वडिलांनी ते सामत्याने, म्हणजे दोरीने फिरवायच्या हातड्रिलने, केलं असेल. सांध्याची खरी कारागिरी आखणीत आहे. लाकडाची कुठली बाजू दाराच्या दर्शनी अंगाला यावी, गाठ कुठे टाळावी, गणेशपट्टीला रेषा कशा वाहाव्यात, हे मशीनला कळत नाही आणि बावीस-तेवीस वर्षांच्या पोरालाही अजून कळत नसेल. आखणी तुम्ही करा, लिव्हर त्याला ओढू द्या. तुमच्याकडून तो ते शिकेल, आणि रोज तेच करताना शिकेल.

लिव्हरचं मी मुद्दाम म्हणालो. मशीन आलं की हात सुटला असं समजू नका. किंजळात 16 ची पटाशी उतरवताना लिव्हरवर अंगाचा भार द्यावा लागतो. एका दाराला असे साठ-सत्तर दाब होतात. हातोड्याचे घाव मनगटात बसतात, लिव्हरची ओढ खांद्यात बसते. आधीच दुखावलेल्या हाताने तुम्ही ते केलंत तर एक दुखणं जाऊन दुसरं येईल.

रात्री मुंग्या येणं, बोटं बधिर होणं, हात झटकला की बरं वाटणं हे मनगटातली शीर दाबली जाते त्याचं लक्षण असू शकतं. वेळेवर गेलं तर रात्री पट्टा बांधून, थोडी विश्रांती घेऊन बऱ्याचदा भागतं. फार थांबलं तर अंगठ्याच्या मुळाशी मांस झडतं आणि पटाशी धरायची पकड जाते. मशीनचा निर्णय ऑक्टोबरपर्यंत थांबेल. तुम्ही याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना हात दाखवा, आणि त्यांना सांगताना "थोडं दुखतं" असं सांगू नका. दिवसाला किती घाव घालता आणि कुठली बोटं बधिर होतात, ते नेमकं सांगा. जाताना मुलाला बरोबर घ्या.